स्कोप, रेंजफाइंडर आणि आजोबांची ठासणी

दिवाळीच्या फराळाचे डबे धुऊन ठेवले की आमच्या पेनसिल्व्हेनियात हरणांचा सीझन जवळ येतो. आणि मग दरवर्षी ऑफिसातल्या कुणा ना कुणाचा प्रश्न येतोच, "स्वस्तात कुठला स्कोप घेऊ?" यंदा हा प्रश्न चक्क माझ्या पुण्याच्या मावसभावाच्या मुलाने विचारला. तो इथे शिकायला आलाय आणि मित्रांबरोबर शिकारीचा सक्तीचा सेफ्टी कोर्स करून बसलाय. त्याला फोनवर अर्धा तास जे सांगितलं तेच इथे लिहितोय.

आधी घरच्या मंडळींसाठी. हो, मी शिकार करतो. आत्याला अजून पटलेलं नाही, आणि तिचं न पटणं मला पटतं. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली ते योग्यच झालं. इथली गोष्ट वेगळी आहे. हरणं भरपूर, त्यांना खाणारे लांडगे केव्हाच संपले. परवाना, टॅग, अंगावर भगभगीत नारिंगी जाकीट, सगळं नियमात. मांस आम्ही खातो, उरलेलं फूड बँकेकडे जातं. असो, तो वाद पुन्हा कधीतरी.

तर स्कोप. इथे एक जुनी म्हण फिरते, की रायफलीला जेवढे पैसे दिले तेवढेच स्कोपला द्यावेत. मी ती भक्तिभावाने पाळली. २०१९ साली, म्हणजे इथला सीझन थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारऐवजी शनिवारी सुरू व्हायला लागला त्या वर्षी, मी चौदापट मोठं दाखवणारा एक भारी स्कोप घेतला. रेंजफाइंडर घेतला नाही. पैसे संपले होते, आणि वाटलं, अंतर काय, डोळ्याला कळतंच की.

नाही कळत. मक्याच्या कापलेल्या शेतापलीकडे संध्याकाळी एक हरीण उभं राहिलं. चौदापट केल्यावर इतकं जवळ दिसलं की हात लावावा! दोनशे यार्ड धरले, थोडं वर नेम धरला आणि चाप ओढला. गोळी खाली लागली. हरीण उडालं आणि झाडीत गेलं. शेजारचे आजोबा आणि मी रात्री दहापर्यंत टॉर्च घेऊन रक्ताचे थेंब शोधत होतो. सकाळी ते ओढ्याकाठी सापडलं. रात्रभरात कधीतरी गेलं असणार. आजोबा मला एक शब्दही बोलले नाहीत. माझ्या बसायच्या जागी गेले, खिशातून रेंजफाइंडर काढला आणि माझ्या हातात दिला. २९६ यार्ड.

हिशोब साधा आहे. माझी रायफल ३०८ ची, शंभर यार्डांवर झीरो केलेली. दोनशेवर गोळी साधारण चार इंच खाली येते, तीनशेवर चौदाच्या आसपास. म्हणजे शंभर यार्डांची चूक दहा इंचांना पडते. हरणाचं काळीज-फुफ्फुसं मिळून जेमतेम आठ इंचांचं वर्तुळ. स्कोप कितीही महाग असो, तो हे दहा इंच भरून काढत नाही. उलट लांबचं जवळ दाखवून आपल्याला फसवतो.

म्हणून माझं मत असं, की खर्चाचा क्रम उलटा करा. आधी रेंजफाइंडर, मग गोळ्या आणि सराव, आणि उरलेल्यात स्कोप.

स्कोपचं म्हणाल तर साधा ३-९x४० पुरतो. म्हणजे तीन ते नऊपट, आणि पुढची काच ४० मिलिमीटरची. दीड-दोनशे डॉलरांत चांगला मिळतो. आतमध्ये नायट्रोजन भरलेला हवा, नाहीतर थंडीत काच धुरकटते. डोळ्यापासून साडेतीन इंच तरी लांब धरून पूर्ण चित्र दिसलं पाहिजे, नाहीतर धक्क्याने भुवई फुटते. आणि आणखी एक गंमत. काचेचे मिलिमीटर भागिले पट, एवढा प्रकाशाचा झोत डोळ्यात येतो. नऊपटीला तो साडेचार मिलिमीटर, चारपटीला दहा. अंधारात आपली बाहुली फार तर सातपर्यंत उघडते, वय झालं की त्याहून कमी. म्हणजे तिन्हीसांजेला नीट दिसावं म्हणून पट वाढवायची नाही, कमी करायची! हे कळायला फुकट आहे, आणि महागड्या काचेपेक्षा जास्त उपयोगी. स्कोपमध्ये वाचलेल्या पैशातले थोडे चांगल्या रिंगांवर घाला. स्कोप हलतो तो बहुतेक वेळा ढिल्या स्क्रूमुळे.

रेंजफाइंडर लेझरची चमक पाठवतो आणि ती परत यायला लागणारा वेळ मोजतो. दोनशे यार्डांना सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहून जरासा जास्त. शंभर-दीडशे डॉलरांच्या यंत्रातही हे होतं, याचं मला अजून नवल वाटतं. फक्त खोक्यावरच्या 'हजार यार्ड' या आकड्याला भुलू नका. तो चकचकीत पाटीसाठी असतो, हरणाची कातडी त्याच्या निम्म्यालाही कधी कधी उत्तर देत नाही. आपल्याला तीनशेपर्यंत खरं बोलणारा हवा, बस. आणि हो, लांब हललं ते काय आहे हे बघायला दुर्बीण किंवा रेंजफाइंडर वापरा, स्कोप कधीच नको. स्कोप जिकडे, तिकडे नळी. पलीकडे माणूस असू शकतो.

आता आजोबांची गोष्ट, म्हणजे माझ्या आजोबांची. कोकणात त्यांच्याकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती, रानडुकरांपासून शेत राखायला. तिला कसला स्कोप! माळ्यावर बसायचे, आणि त्यांचा नियम एकच. डुक्कर फणसाच्या अलीकडे आलं तरच बार टाकायचा. फणसापलीकडे असेल तर नुसतं हाकलायचं. "जखमी करून सोडायचं नाही," म्हणायचे. लहानपणी वाटायचं, बंदूक जुनी म्हणून असं करतात.

आता मी पहाटे जागेवर बसलो की पहिलं काम काय करतो? रेंजफाइंडरने झाडं मोजून ठेवतो. तो बर्च ऐंशी, तो पडका ओक एकशे चाळीस, कुंपणाचा खांब दोनशे. खांबापलीकडे हरीण दिसलं तर नुसतं बघायचं. दीडशे डॉलर खर्चून मी आजोबांचा फणस विकत घेतलाय, दुसरं काही नाही.

मुलाला शेवटी हेच सांगितलं. स्कोप तुला "हो" म्हणायला शिकवतो आणि रेंजफाइंडर "नाही" म्हणायला. पैसे कमी असतील तर "नाही" आधी विकत घे. स्वस्त वस्तू घेण्यात काही कमीपणा नाही, पण आपल्या चुकीची किंमत आपण भरत नाही, ते हरीण भरतं, एवढं लक्षात ठेव.

तो म्हणाला, "काका, पण चौदापटीचा सेलमध्ये आहे हो!"

असो. मी ओढ्याची गोष्ट त्याला पुन्हा एकदा सांगणार आहे. तुम्ही त्याला काय सांगितलं असतं?