डिस्चार्ज कार्ड अम्मीला वाचून दाखवा

हृदयाची बायपास आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. पायाचीही बायपास होते हे मला अब्बांमुळे कळलं. अब्बा एसटीत चालक होते. तीस वर्षांची बिडी, त्यात मधुमेह. निवृत्तीनंतर शंभर पावलं चालले की पोटरीत गोळा यायचा, थांबले की जायचा. वय झालं, वात असेल, असं सगळे म्हणत राहिले. मग अंगठ्यावरची जखम भरेना आणि रात्री दुखणं थांबावं म्हणून ते पाय पलंगाखाली सोडून बसायला लागले, तेव्हा कुठे मिरजेला नेलं. मांडीतली मुख्य रक्तवाहिनी बंद पडली होती. डॉक्टरांनी त्यांच्याच पायातली शीर वापरून गुडघ्याखालपर्यंत रक्ताला नवा रस्ता करून दिला.

ऑपरेशन नेमकं काय झालं, हे आमच्या खानदानातल्या प्रत्येक पुरुषाला ठाऊक होतं. डॉक्टर बोलायचे ते चाचांशी, मामूंशी, माझ्या भावाशी. घरी आल्यावर पाय सांभाळायचा होता अम्मीने, आणि ती तेव्हा बाहेर बाकड्यावर डबा घेऊन बसलेली असायची. डिस्चार्जच्या दिवशीही कागद भावाच्या हातात पडले, सगळे इंग्रजीत. अम्मीपर्यंत पोचलं ते एवढंच : गोळ्या वेळेवर द्या आणि आराम करू द्या. यातला आराम हा नातेवाइकांचा शोध. डॉक्टरांनी तर रोज थोडं थोडं वाढवत चालायला सांगितलं होतं.

अठराव्या रात्री अम्मीच्या हाताला अब्बांचा पाय गार लागला. ती गरम पाण्याची पिशवी भरायला उठली. तिच्या जागी कोणीही हेच केलं असतं. मी आदल्या दिवशी ती फाइल चाळली होती. त्यात एका ओळीत लिहिलं होतं की पाय अचानक गार, पांढरट किंवा बधिर झाला तर ताबडतोब या. रात्री दोन वाजता शेजाऱ्यांची गाडी काढून आम्ही मिरज गाठलं. नव्या रस्त्यात गुठळी अडकली होती, ती काढली. अशा वेळी पाय वाचवायला काही तासच हातात असतात. सकाळपर्यंत थांबलो असतो तर पाय गेला असता, आणि बधिर पायाला ती पिशवी किती भाजली हे अब्बांना कळलंही नसतं.

हॉस्पिटलने अम्मीला समोर बसवून सांगायला हवं होतं, यात वाद नाही. पण तिला बाहेर बाकड्यावर बसवलं होतं ते आपण. "तिला काय समजणार" हे वाक्य मी आमच्याच घरात ऐकलंय. हीच बाई वर्षानुवर्षं अब्बांच्या इन्सुलिनचं माप भरते. दुसऱ्या खेपेला मी सिस्टरना विनंती केली. त्यांनी अम्मीचं बोट धरून अब्बांच्या पावलावरची नाडी दाखवली. दोन मिनिटं लागली असतील. आता ती रोज सकाळी नाडी बघते, आणि कालच्यापेक्षा मंद वाटली तर सांगते.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी असा पेशंट आहे, त्यांनी एक करा : जो रात्री उठणार आहे त्याला डॉक्टरांसमोर न्या. कार्ड घरच्या बोलीत वाचून दाखवा, मराठी असो की दखनी. "उठून उभं करायला" नव्हे, "धोका कसा ओळखायचा" ते विचारा.

इयादतीबद्दलही बोलायला हवं. आजाऱ्याला भेटायला जाणं सवाबाचं काम आहे, पण आमच्याकडे एक पाहुणे खिशातून बंडल काढून "एका बिडीने काय होतंय" म्हणाले. होतं ते असं, की तंबाखू सुरू राहिली तर नवी वाट पुन्हा बंद पडण्याचा धोका फार वाढतो. वडीलधाऱ्यांना हे सांगणं बेअदबी वाटते. मी सांगितलं. चार दिवस रुसले.

वजूचंही तसंच. पट्टी भिजू द्यायची नसेल तर तिच्यावर मसह करायची सवलत आहे, खुर्चीवर बसून नमाज होते. अब्बांना हे माझ्याकडून पटेना, पेशइमामांकडून लगेच पटलं. जखम भरल्यावर वजू उलट कामाला आली. पाय रोज धुतले जातातच, तेव्हा बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, तळव्याला चीर किंवा फोड आहे का बघायचं. मधुमेहात हे रोज बघावंच लागतं.

भावाने आता ड्रेसिंग शिकून घेतलंय. पहिल्या दिवशी त्याला चक्कर आली. रविवार आणि बुधवार त्याचे, तीन महिन्यांनी डॉप्लरला न्यायचंही त्याच्याकडे. अब्बा मशिदीपर्यंत चालत जातात, वाटेत एकदा थांबून. बिडी सुटलीय असं ते म्हणतात. अम्मी त्यांच्या सदऱ्याचा वास घेते आणि गप्प बसते.