आधी दार मोजा, मग संगणक उघडा

गर्दी आपल्या अगदी अंगवळणी पडली आहे. यवतमाळची नवरात्र असो की पुसद, उमरखेड, दिग्रसकडची ईदची नमाज, 'यंदा काय गर्दी होती!' असं आपण कौतुकानं सांगतो. पण ही गर्दी एकदम बाहेर काढायची वेळ आली तर? हा प्रश्न कुणी विचारत नाही. आणि मैत्रिणींनो, अशा वेळी सगळ्यात आधी चेंगरतात त्या बायका आणि लेकरं. 2 जुलै 2024 ला उत्तर प्रदेशात हाथरसच्या सत्संगात 121 जीव गेले, त्यात बहुतेक बायकाच होत्या. आपल्याकडचं मांढरदेवीही विसरता येत नाही. 25 जानेवारी 2005, काळूबाईची यात्रा. नारळाच्या पाण्यानं पायऱ्या निसरड्या झालेल्या, वाट अरुंद, बाजूला दुकानं. माणसं घसरली, मागून रेटा आला, दुकानांना आग लागली. तीनशेच्या आसपास माणसं गेली.

जे देवळाचं, तेच मोठ्या मशिदीचं. नमाज संपली की सगळे एकदम उठतात. चपला दाराशी, दारापुढे गल्ली आणि गल्लीत लावलेल्या दुचाक्या. एरवी हे निभून जातं. पण तरावीहच्या रात्री आत धूर झाला तर?

आता यासाठी संगणकाचे प्रोग्रॅम मिळतात. इमारतीचा नकाशा टाकायचा, माणसांची संख्या टाकायची. मग पडद्यावर एकेक ठिपका म्हणजे एकेक माणूस, आपापल्या वेगानं दाराकडे निघतो. कोंडी कुठं होते, शेवटचा माणूस किती वेळात बाहेर पडतो, ते दिसतं. लिजन, पाथफाइंडर, मासमोशन ही विकतची नावं. जर्मनीत तयार झालेले ज्युपेडसिम आणि वाडेरे फुकट मिळतात. म्हणजे पैसा ही मुख्य अडचण नाहीच. निवडताना काय विचारायचं, ते महत्त्वाचं.

पहिला प्रश्न, यातली माणसं कोण आहेत? सगळे ठिपके धडधाकट तरुण पुरुषांच्या वेगानं पळत असतील तर ते उत्तर आपल्या कामाचं नाही. काठी टेकणारे आजोबा, कडेवर लेकरू घेतलेली आई, गरोदर बाई यांचा वेग वेगळा धरता आला पाहिजे. आई एकटी पळत नाही, ती आधी मुलांना गोळा करते. तेव्हा कुटुंब एकत्र चालताना दाखवता येतं का, तेही विचारा.

दुसरं, बायकांची जागा नकाशात आहे का? मशिदीत नमाजाला यायला बायकांना मज्जाव नाही, असं मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानं 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलं. म्हणजे उद्या बायका वाढणार. त्यांची सोय वरच्या मजल्यावर, एका अरुंद जिन्यानं होणार असेल, तर सगळ्यात आधी तोच जिना तपासायला हवा.

तिसरं, दाराबाहेरची गल्ली धरली आहे का? मक्केजवळच्या मीना इथं 2006 च्या हजमध्ये जमारात पुलापाशी तीनशेहून जास्त माणसं चेंगरली. त्यानंतर गर्दीचा अभ्यास करून पाच मजली नवा पूल बांधला, येण्याजाण्याच्या वाटा वेगळ्या केल्या. तरीही 2015 मध्ये तिथं फार मोठी दुर्घटना झाली. ती पुलावर नव्हती, पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यांवर होती. म्हणून आपला नकाशा फाटकाशी थांबता कामा नये.

चौथं, एक दार बंद करून पाहता येतं का? इथं साधं गणितही उपयोगी पडतं. ब्रिटनमधल्या क्रीडांगणांच्या नियमांत सपाट वाटेला एक मीटर रुंदीतून मिनिटाला 82 माणसं धरतात, जिन्यावर 66. दीड-दीड मीटरची दोन दारं असली, आत तीन हजार माणसं असली, तर बाहेर पडायला साधारण 12 मिनिटं लागतील. एका दाराला कुलूप असेल तर 24. धूर काही 24 मिनिटं थांबत नाही. हे समजायला संगणक लागत नाही, मोजपट्टी लागते.

आणि शेवटचं, संगणकाचं उत्तर ताडून पाहा. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजेनंतर घड्याळ लावून उभं राहायचं. मशीद खरोखर किती वेळात रिकामी होते? पडद्यावरचा आकडा त्याच्या जवळपास नसेल, तर धूर आणि घबराटीच्या वेळचा त्याचा आकडा कसा मानायचा?

आपल्या जिल्ह्यात हे होण्यासारखं आहे. यवतमाळ आणि पुसदला अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, मुलांना प्रकल्पासाठी विषय हवाच असतो. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरणही आहे. मशिदीचे विश्वस्त, ही मुलं आणि प्राधिकरण यांनी एकत्र बसावं. मात्र त्या बैठकीत दोन-चार बायका हव्यात, नावाला नव्हे, बोलायला. लेकरू काखेत घेऊन जिना उतरायला किती वेळ लागतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

तोवर एवढं तरी आजच करता येईल. बंद दाराचं कुलूप काढा, चपलांची मांडणी वाटेतून बाजूला घ्या, दुचाक्या दारापासून हलवा. याला एक रुपयाही लागत नाही.