जगायला जाणारे, राहायला येणारे

"काय गं, तिकडे किती स्वस्त पडत असेल ना सगळं?"

मुंबईहून येणाऱ्या फोनवर ख्यालीखुशालीच्या आधी हा प्रश्न येतो. नणंद विचारते, जुन्या शेजारणी विचारतात, नवऱ्याचे मित्र तर रविवारी गाडी घेऊन येतात आणि अंगणात चहा पिता पिता गुंठ्याचा भाव विचारतात. आठ वर्षं मी "हो, पडतं खरं" एवढंच म्हणत आले. आता म्हणणार नाही. डहाणूजवळच्या आमच्या आशागडला काहीही स्वस्त नाही. आमच्या वाटणीची किंमत दुसरं कोणीतरी मोजतंय, आणि ते कोण हे मला आमच्या पहिल्याच दिवशी दिसलं होतं.

२०१७ ची दिवाळी झाली आणि आम्ही नालासोपाऱ्याहून इथे आलो. नवरा, मी, दोन मुलं आणि सासूबाई. नवऱ्याची बदली बोईसरच्या कारखान्यात झाली होती. डहाणू रोडला गाडीत बसलं की मध्ये फक्त वाणगाव. नालासोपाऱ्यात दीड खोलीला जे भाडं जायचं, त्याच्या तिसऱ्या हिश्शात रस्त्याला लागून कौलारू घर मिळालं. पुढे अंगण, मागे चिकूची दोन झाडं. आमचा टेम्पो घराकडे वळत होता तेव्हा पाड्याच्या तोंडाशी दुसरा टेम्पो भरत होता. गोधड्यांची बोचकी, डेचकी, पाण्याचा निळा ड्रम, टोपलीखाली झाकलेल्या कोंबड्या, आणि या सगळ्यावर बसलेली पोरं. एका पोराच्या मांडीवर शाळेचं दप्तर होतं. आमचं कपाट उतरेपर्यंत रस्ता अडणार म्हणून त्या टेम्पोला थांबावं लागलं. उगाच गप्प उभं कसं राहायचं, म्हणून मी तिथल्या बाईला विचारलं, कुठे निघालात?

"जगायला," ती म्हणाली.

डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाड्याकडे हा रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. भात झोडून झालं, दिवाळी झाली की माणसं जगायला जातात. वसईला, भिवंडीला, वाड्याला, वीटभट्टीवर. कोणी रेतीवर, कोणी बांधकामावर. होळीला जमलं तर चार दिवस येतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. ज्या गावात जन्मलो तिथे जगता येत नाही, हे या एका शब्दात इतकं उघडं सांगून ठेवलं आहे की ज्याला तो ऐकून काहीच वाटत नाही, त्याच्याशी मला पुढे बोलायचं नाही.

त्या बाईला मी पुढे मावशी म्हणायला लागले. तिच्याकडून भट्टीचा हिशेब मला कळला. पावसाळा संपत आलेला असतो, घरातलं धान्य संपलेलं असतं, तेव्हा माणूस येतो आणि बयाणा देऊन जातो. त्या पैशात तांदूळ येतो, कोणाचं आजारपण निघतं, कोणाचं लग्न. दिवाळीनंतर तो बयाणा नवरा-बायकोनं मिळून विटा पाडून फेडायचा. आठवड्याला खावटी मिळते, तीही हिशेबात धरली जाते. अंतिम हिशेब पावसाच्या आधी, मालकाच्या वहीत. फिटलं नाही तर राहिलेली बाकी पुढच्या वर्षावर. वेठबिगार नष्ट करणारा कायदा १९७६ चा आहे. मावशीच्या घरची बाकी मागे एकदा तीन वर्षं फिटली नव्हती.

आणि मला विचारतात, घरकामाला बाई स्वस्तात मिळते का.

आता आमच्या घराकडे बघा. सासरे लालबागचे, गिरणी कामगार. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाख माणसं बाहेर पडली आणि त्यातली बहुतेक पुन्हा आत गेलीच नाहीत. सासऱ्यांनी चाळीतली खोली विकून नालासोपारा गाठला. पुढे १९९१ च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीतला ठरावीक हिस्सा मोकळ्या जागेला आणि परवडणाऱ्या घरांना ठेवायचं ठरलं. २००१ मध्ये तो नियम असा बदलला की वाटणीला जमिनीचे तुकडेच तेवढे उरले. तिथे आज मॉल आणि टॉवर आहेत. मुंबई आपोआप महाग झाली नाही. ती सह्या करून महाग केली गेली. जो माणूस लालबागमध्ये घरातून निघून पायी कामावर जात होता, त्याचा मुलगा विरार लोकलच्या दाराला लटकत होता आणि नातवंडं आता डहाणूच्या पुढे आहेत. शहरानं आपला खर्च कधी भरलाच नाही. तो पश्चिम रेल्वेच्या रुळांवरून एकेक स्टेशन पुढे ढकलला. २०१३ मध्ये लोकल डहाणूपर्यंत आली तेव्हा पेढे वाटले गेले, पण त्या गाडीतून काय काय इथवर येणार आहे, हे पेढे खाणाऱ्यांनी मनात आणलं नाही. डहाणू चर्चगेटपासून सव्वाशे किलोमीटरवर आहे. आम्ही ढकलले गेलो ते या टोकाला. इथल्या वारली आदिवासीला ढकलायला मात्र पुढे स्टेशन नाही. त्याला उलट दिशेनं शहराकडे नेतात, विटा पाडायला.

पाण्याचं सांगते. नालासोपाऱ्यात आमच्या नळाला दिवसाआड का होईना, पाणी यायचं. ते कुठून येतं याचा विचार आम्ही कधी केला नाही. ते येत होतं सूर्या नदीचं. धामणीचं धरण आणि कवडासचा बंधारा बांधले ते इथल्या शेतीला पाणी देण्यासाठी, आणि त्यासाठी इथलीच आदिवासी गावं उठवली. पुढे त्याच पाण्यावर शहरांसाठी ४०३ दशलक्ष लिटरची योजना आखली गेली. रोज १८५ दशलक्ष लिटर वसई-विरारला, २१८ दशलक्ष लिटर मीरा-भाईंदरला. आमच्या मागच्या पाड्यावरची विहीर एप्रिलच्या मध्याला तळ गाठते. पहाटे चारला बायका विहिरीच्या काठावर कंदील घेऊन बसलेल्या असतात, झऱ्यात पाणी साचेपर्यंत, मग वाटीनं हंडा भरतात. मी एक हंडा भरायला लागणारा वेळ मोजलाय. पंचवीस मिनिटं. मीरा रोडच्या सोसायटीत एवढ्या वेळात दोन गाड्या धुऊन होतात. आणि इथेही, आमच्यासारखी रस्त्यालगत राहायला आलेली घरं बोअर मारतात, खोल, आणखी खोल. फार्महाऊसवाले त्याच पाण्यावर पोहायचा तलाव भरतात. ज्यांना हे दिसूनही चिकूची सावलीच आठवते, ते इथे न आलेलेच बरे.

मग जमीन. ती स्वस्त का, हे कुठलाही दलाल सांगणार नाही, कारण ते सांगितलं तर त्याचा धंदा बसेल. डहाणू आणि तलासरी अनुसूचित क्षेत्रात आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ३६ अ सांगतं की आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला देता येत नाही. विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण, भाडेपट्टा, काहीही असो, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि कायमच्या हस्तांतरणाला वर राज्य सरकारची मान्यता. हा कायदा उगाच झाला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सावकार आणि जमीनदारांनी इथलं रान आणि शेत गिळलं आणि वारली आपल्याच जमिनीवर कूळ झाला, वेठीला लागला. तो उठला १९४५ मध्ये. २३ मेला झरी गावात हजारो वारली जमले आणि त्यांनी ठरवलं, फुकट राबायचं नाही. १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला, माणसं मेली. आज जमिनीवर जे संरक्षण आहे, त्याच्या मुळाशी हे रक्त आहे.

त्यावर तोडगा घेऊन आमच्याकडे एक दलाल आला होता. बसला, पाणी प्यायला आणि अगदी सरळ चेहऱ्यानं म्हणाला, "ताई, सातबारा त्याच्या नावावर राहू दे, साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र आपल्याकडे. त्याला काय कळतंय?" मुलं समोर अभ्यास करत होती. नवऱ्यानं त्याला उठवून बाहेर काढलं, पण तो शेजारच्या आळीत बसलाच. ज्यांनी त्याच्याकडून जमीन घेतली, ते चोरीचा माल घेणारे आहेत. ते शिकलेले आहेत, त्यांच्या घरात पुस्तकं आहेत, सणाला दारात तोरण असतं, आणि ते चोरीचा माल घेणारे आहेत. याला दुसरा शब्द नाही.

यावर शहरातले लोक म्हणतात, मग आम्ही यायचंच नाही का? या. पण कसं यायचं हे शिकायला लांब जायला नको. गोदावरी परुळेकर पुण्याच्या सुखवस्तू घरातल्या, कायद्याची पदवी घेतलेल्या. त्या या पाड्यांवरून पायी हिंडल्या, वारल्यांच्या घरात राहिल्या आणि १९९६ मध्ये देह ठेवेपर्यंत त्यांच्याशी बांधलेल्या राहिल्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ मध्ये बोर्डीला आल्या आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून त्या रडत बसल्या नाहीत. गुरांमागे गेलेल्या पोरांसाठी त्यांनी शाळाच कुरणात नेली. पुण्यातली नोकरी सोडून आलेल्या अनुताई १९९२ मध्ये जाईपर्यंत कोसबाडलाच राहिल्या. त्यांना इथे स्वस्त मिळालं असेल का, असं कोणी विचारलेलं मला तरी माहीत नाही.

आम्ही अनुताई नाही, होण्याची ताकदही नाही. सासूबाईंच्या छातीत रात्री दुखायला लागलं तेव्हा मी याच भागाला शिव्या घातल्या होत्या. एका दवाखान्यात डॉक्टर नव्हते, दुसऱ्या ठिकाणी यंत्र बंद होतं, शेवटी राज्याची हद्द ओलांडून गुजरातेत न्यावं लागलं. आमच्याकडे गाडी सांगायला पैसे होते. सासूबाई वाचल्या. मावशीच्या सुनेला बाळंतपणात झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणलं होतं. तिचं मूल वाचलं नाही. हे मी इथे लिहिते आहे कारण "स्वस्त" म्हणणाऱ्यांच्या हिशेबात दवाखान्याची ओळ नसते.

भूकंपाचं एक सांगायचं राहिलं. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या बाजूला जमीन हलायला लागली, महिनोन्‌महिने. थंडीत लोक बाहेर झोपत होते. आमच्या विटांच्या भिंतीला कोपऱ्यातून तिरकी चीर गेली, अजून आहे. मावशीचं घर कुडाचं, कारवीच्या काठ्या आणि वर शेणमातीचा लेप. त्याचा थोडा लेप झडला, तिनं दुसऱ्या दिवशी लिंपून घेतलं. पण तिला कूड नको, तिला आमच्यासारखं पक्कं घर हवंय. ती वर्षाचे सहा महिने विटा पाडते आणि तिच्या घराला एक वीट नाही.

आता या सगळ्यावर नवा शब्द आलाय, चौथी मुंबई. डहाणूच्या किनाऱ्यावरचं वाढवणचं बंदर, ७६ हजार कोटींहून मोठं, ३० ऑगस्ट २०२४ ला त्याचं भूमिपूजन झालं. वरून द्रुतगती महामार्ग, बुलेट ट्रेन, आणखी दोन रेल्वेमार्गिका. २० जून १९९१ ला केंद्र सरकारनंच डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीनं नाजूक म्हणून जाहीर केला होता. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं १९९६ मध्ये प्राधिकरण नेमलं गेलं. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष. त्या प्राधिकरणानं १९९८ मध्ये हेच बंदर नाकारलं होतं. धर्माधिकारी २०१९ मध्ये गेले आणि २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणानं परवानगी दिली. बंदरविरोधी मोर्चात मच्छीमार बायका होत्या, बागायतदार होते, पाड्यावरची माणसं होती. आमच्यासारखी राहायला आलेली घरं नव्हती. ती गुंठ्याचा भाव वाढेल म्हणून खूश होती. मी त्यांच्या तोंडावर बोलले आहे, इथेही लिहिते: ज्या मुंबईनं तुमच्या बापाला हाकललं, तिलाच तुम्ही दाराशी बोलावताय, आणि या वेळी हाकलला जाणारा तुमचा शेजारी असेल म्हणून तुम्हाला चालतंय.

माझं मागणं फार मोठं नाही. दोनच गोष्टी आहेत. पहिली, रोजगार हमीचं काम दिवाळीच्या आधी सुरू करा आणि मजुरी आठवड्याला हातात द्या. हमीचा कायदा या राज्यात १९७७ चा आहे. बयाणा घेऊन गेलेल्या माणसाच्या नावानं मार्चमध्ये काम काढून कोणाला उपयोग?

दुसरी गोष्ट ग्रामसभेची. १९९६ च्या पेसा कायद्यानं इथल्या ग्रामसभेला आदिवासींची जमीन हातची जाऊ न देण्याचा अधिकार दिलाय. ग्रामसभा भरते २६ जानेवारीला, १ मेला, १५ ऑगस्टला, २ ऑक्टोबरला. जानेवारीत पाडा रिकामा असतो. मे महिन्याच्या सुरुवातीलाही निम्मा भट्टीवरच असतो. सतरंजीवर बसलेले आम्ही असतो, रस्त्यालगतचे, नवे, मतदार यादीत नाव घातलेले. मागच्या जानेवारीत प्लॉटिंगच्या ना हरकतीचा विषय निघाला तेव्हा मी मोजलं, मावशीच्या पाड्यावरचे हजर होते चार म्हातारे आणि एक पांगळा मुलगा. विषय पुढे ढकला म्हणून मी उभी राहिले, तेव्हा एकानं विचारलं, "ताई, तुम्हाला कशाला त्यांची काळजी?" त्या दिवशी विषय पुढे ढकलला गेला. त्यानंतर मी अर्ज लिहिला: जमिनीचा आणि पाण्याचा कोणताही विषय ऑगस्ट आणि ऑक्टोबरच्या सभेखेरीज घेऊ नये. खाली चाळीस अंगठे आणि अकरा सह्या आहेत. दिवाळीच्या आधी घेतल्या, टेम्पो यायच्या आत. त्यात राहायला आलेल्या घरांच्या सह्या आहेत तीन, आणि त्यातल्या दोन आमच्याच घरातल्या.