वीसपैकी किती?

मराठीच्या प्राध्यापकाने वारुणीवर लिहावे, हे पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. त्यांनी थोडा धीर धरावा. जे काही केले ते रीतसर परवाना काढून केले आहे आणि त्याची शिक्षाही मी भोगली आहे.

गेल्या मे महिन्यात आम्ही उभयता बोईसरला उतरून पामला साडूभाऊंकडे गेलो. बरोबर कपड्यांची बॅग आणि तपासलेल्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. साडूभाऊंनी नाशिकहून पांढऱ्या वाइनच्या चार बाटल्या आणल्या होत्या, चारही 'सुला'च्या. गंगापूर धरणाजवळच्या आपल्या कुटुंबाच्या जमिनीत राजीव सामंत यांनी १९९७ साली सॉव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां या द्राक्षांचे वेल लावले. २००० साली त्यांची पहिली वाइन बाजारात आली. पुढे रिस्लिंग आणि व्हियोनियेही आल्या.

"प्राध्यापकमहाराज, तुम्ही जन्माचे परीक्षक. द्या गुण!" साडूभाऊ म्हणाले.

गुण द्यायची पद्धतही तयारच होती. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी १९५९ साली वाइनसाठी वीस गुणांचा तक्ता बसवला. रंगाचे गुण वेगळे, वासाचे वेगळे, आंबटपणाचे वेगळे. मला ती एकदम पटली. मी लाल पेन काढले.

बाहेर ताडाचे पानही हलत नव्हते. उकाड्याच्या भीतीने बाटल्या रात्रभर बर्फाच्या कप्प्याला लागून ठेवलेल्या. चार पेल्यांना नाक लावले. चारही पेल्यांत थंडगार पाणी! मी दहा, नऊ, नऊ, दहा असे गुण दिले आणि पुढे शेरा मारला : 'परिमळाचा अभाव.'

अर्ध्या तासाने साडूभाऊंच्या आई पेले उचलायला आल्या. जन्मात थेंब न घेतलेली बाई. पहिला पेला नाकाशी नेऊन म्हणाल्या, "अगबाई, हा तर पेरू! आणि मागून ढोबळी मिरची चिरल्यासारखं काहीतरी." व्हियोनियेचा पेला हुंगून म्हणाल्या, "हा भिजवलेला जर्दाळू."

मी पुन्हा वास घेतला. पेरू होता, मिरची होती, जर्दाळूही होता. रिस्लिंगमध्ये लिंबाची साल होती, शेनिनमध्ये सफरचंद. साडूभाऊंनी उलगडा केला. फार गार वाइनमधून वास सुटतच नाही. आठ-दहा अंशांवर आली की ती बोलू लागते. ढोबळी मिरचीला ज्या द्रव्यामुळे वास येतो, तेच सॉव्हिन्योंच्या द्राक्षातही असते. आजींचे नाक खोटे बोलले नव्हते. माझ्यापाशी परिमळ, सौरभ, सुवास असे शब्दच शब्द होते. 'पेरू' तेवढा नव्हता.

गुण खोडून पंधरा, तेरा, चौदा, सोळा केले. सोळा व्हियोनियेला.

रात्री झोप येईना. गठ्ठ्यातली एक उत्तरपत्रिका डोळ्यांपुढे येत होती. पहिल्या पावसाचे वर्णन करा, असा प्रश्न होता. किनाऱ्यावरच्या एका मुलाने लिहिले होते की, पहिला पाऊस म्हणजे अंगणात वाळत घातलेली सुकट भिजल्याचा वास आणि ती उचलायला धावणारी आई. मी समासात 'अप्रस्तुत, रसभंग' असे लिहून मोकळा झालो होतो. दोन गुणांनी मुलगा नापास. त्याच्या आधीच्या चाळीस जणांनी मृद्गंध लिहिला होता आणि त्या सर्वांना मी भरघोस गुण दिले होते. त्यांतल्या कितीजणांनी तो खरोखर हुंगला होता, देव जाणे!

मी उठून दिवा लावला.

"अहो, आता या वेळी काय?" सौ. म्हणाली.

"एक पेपर फार गार असताना तपासला गेलाय," मी म्हणालो.

त्या मुलाला किती गुण दिले ते सांगत नाही. ती गोष्ट गोपनीय असते. एवढेच सांगतो की, पहाटे साडूभाऊंच्या आई चहा घेऊन आल्या तेव्हा अख्खा गठ्ठा सुटलेला होता आणि मी पुन्हा पहिल्या पेपरापासून वाचत होतो.