आधी पिंजरा, मग पाहुणा

ती रील तुम्हीही बघितली असेल. हिरवागार शॅमेलिऑन कुणाच्या तरी बोटावरून डुलत डुलत चाललाय. एक डोळा पुढे, दुसरा मागे. मध्येच जीभ सुटते आणि किडा गायब! खाली ‘मला पण हवा’ म्हणणाऱ्यांची रांग. मग एक दिवस आपल्याच कट्ट्यावर कुणीतरी म्हणतं, ‘अरे, एक मिळतोय. घ्यायचा का?’

या प्रश्नावर सगळे बोलतात. किमतीवर बोलतात, नाव काय ठेवायचं यावर तर तासभर बोलतात. पण तो राहणार कुठे, हे कुणी विचारत नाही.

आमच्या ओळखीतल्या एका मुलानेही विचारलं नव्हतं. रूमवर माशांची जुनी काचेची टाकी पडून होती. तळाला वाळू, मधोमध प्लॅस्टिकचं झाड, कोपऱ्यात पाण्याची वाटी, वर झाकण. झालं घर तयार! पहिला आठवडा फोटोंत गेला. मग तो काळपट पडायला लागला. भर दिवसा डोळे मिटून बसायला लागला. पोरांना वाटलं, झोपाळू आहे. दीड महिन्यात तो गेला. पाण्याची वाटी शेवटपर्यंत भरलेली होती.

त्या रूममध्ये दुष्ट कुणीच नव्हतं. सगळ्यांचा जीव होता त्याच्यावर. फक्त त्याला काय लागतं, हे एकालाही माहीत नव्हतं. म्हणून आज जरा स्पष्ट बोलू या.

सगळ्यात आधी, शॅमेलिऑन कुठला? आपल्या रानात, शेताच्या बांधावर दिसतो तो सरडगुहिरा, म्हणजे भारतीय शॅमेलिऑन. गावाकडे त्याला विषारी समजून मारतात. तो अजिबात विषारी नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार त्याला संरक्षण आहे. त्याला पकडणं, विकणं, घरी ठेवणं हा गुन्हा आहे. ‘शेतात सापडला’ ही सबब चालत नाही. जखमी सापडला तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. पाळण्याचा विषय तिथेच संपला.

उरले परदेशी. येमेन आणि सौदीच्या नैर्ऋत्य भागातला व्हेल्ड, मादागास्करचा पँथर. हे प्राणी सायटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत. कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार असा प्राणी घरात आला, की ३० दिवसांत ‘परिवेश’ पोर्टलवर त्याच्या नोंदणीसाठी अर्ज करावा लागतो. विकणारा कागदपत्रांचं नाव काढताच विषय बदलत असेल, तर तुम्हीही दुकान बदला.

आता पुन्हा त्या टाकीकडे येऊ. तिच्यात नेमकं काय चुकलं होतं?

पहिली चूक आकाराची. शॅमेलिऑन झाडावर राहणारा प्राणी आहे. त्याला लांबी-रुंदीपेक्षा उंची लागते. पूर्ण वाढलेल्या व्हेल्ड किंवा पँथरसाठी २ फूट लांब, २ फूट रुंद आणि ४ फूट उंच एवढी जागा किमान धरा. पिंजरा टेबलावर ठेवा, म्हणजे वरच्या फांदीवर बसल्यावर तो तुमच्या डोळ्यांच्या वर राहील. वरून झेपावणारा हात त्याला शिकारी पक्ष्यासारखा वाटतो.

दुसरी चूक काचेची. बंद काचेत हवा खेळत नाही. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत तर आत बुरशी धरते आणि श्वसनाचे आजार होतात. शिवाय काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसलं, की त्याला समोर दुसरा नर उभा वाटतो. म्हणून जाळीचा पिंजरा हवा. स्लायडिंग खिडक्या करणारा कारागीर अॅल्युमिनियमची चौकट करून देऊ शकेल. जाळी धातूची घ्या, पण नखं अडकणार नाहीत अशी. नायलॉनची मच्छरजाळी नको, खायला सोडलेले रातकिडे ती कुरतडतात.

तिसरी चूक त्या भरलेल्या वाटीची. बहुतेक शॅमेलिऑन साठलेल्या पाण्याकडे बघतही नाहीत. पानावरून ओघळणारा थेंब दिसला की जीभ बाहेर येते. म्हणून सकाळ-संध्याकाळ फवारा मारायचा आणि वरून थेंब-थेंब गळणारं पाणी लावायचं. दोन फवाऱ्यांच्या मध्ये पिंजरा वाळला पाहिजे आणि गळणारं पाणी खालच्या ट्रेमधून निघून गेलं पाहिजे. थेंब धरायला खरी झाडंच लागतात. मनी प्लांट, जास्वंद, फायकस चालतात. नर्सरीतून आणलेलं झाड आधी स्वच्छ धुवा, माती बदला. त्यावर मारलेलं औषध किड्यांच्या आधी त्याच्या पोटात जाईल. कमी-जास्त जाडीच्या आडव्या फांद्या लावा आणि पानांचा एक दाट कोपरा ठेवा. तिथे गेला की तो कुणालाच दिसायला नको, तुम्हालाही नाही.

चौथी चूक उजेडाची, आणि जीव जातो तो बहुतेक इथेच. हाडांत कॅल्शियम मुरण्यासाठी त्याला अतिनील ‘बी’ किरण लागतात. ते मिळाले नाहीत, की हाडं मऊ पडून वाकतात. ‘खिडकीतून ऊन येतं की!’ असं म्हणू नका, कारण खिडकीची काच हे किरण अडवते. त्यासाठी सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची यूव्हीबी ट्यूब मिळते. ती रोज साधारण १२ तास लावायची आणि वेळेवर बदलायची, कारण उजेड दिसत राहतो पण किरण संपतात. शेकायला वरच्या एका फांदीवर ३० अंशांच्या आसपास ऊब हवी, खाली मात्र गारवा. गरम बल्ब जाळीच्या बाहेर लावा, नाहीतर चटका बसतो. विदर्भातल्या मे महिन्यात उलटा प्रश्न येतो. तिथे बल्ब बंद ठेवून खोली गार कशी राहील ते बघावं लागतं. रात्री मात्र पूर्ण अंधार. लाल दिवाही नको.

आता आपल्या रूमचा विचार करा. पंख्याचा झोत, एसी, उदबत्ती, डासांची कॉइल यांतलं काहीही त्याच्याजवळ नको. किचनमधली झुरळं पकडून देऊ नका, त्यांच्या अंगावर स्प्रे असतो. रातकिडे आधी चांगलं खाऊ घालून, कॅल्शियम पावडर लावून द्यायचे. एका पिंजऱ्यात एकच शॅमेलिऑन. ‘एकटा कंटाळेल’ ही भावना आपली, त्याची नाही. व्हेल्डची मादी नराशिवायही अंडी घालते. तिला ओल्या वाळूचा खोल डबा दिला नाही, तर अंडी पोटातच अडकून ती मरू शकते.

आणि रंग? तो तुमच्या पडद्याशी मॅच व्हायला रंग बदलत नाही. त्वचेतल्या अतिसूक्ष्म स्फटिकांमधलं अंतर बदललं की रंग बदलतो, हे जिनिव्हा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये पँथर शॅमेलिऑनवर दाखवून दिलं. त्यामागे राग असतो, भीती असते, थंडी असते. त्या टाकीतला काळपट रंग हे त्याचं बोलणंच होतं. ते कुणाला वाचता आलं नाही, एवढंच.

हे सगळं वाचून ‘बाप रे’ झालं असेल, तर बरंच झालं. उरलेले प्रश्न आता स्वतःला विचारा. दिवाळीच्या सुट्टीत गावी गेल्यावर फवारा कोण मारणार? सबमिशनच्या आठवड्यात रातकिड्यांना कोण खाऊ घालणार? दिवसभर लाइट गेली तर? सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा व्हेट तुमच्या शहरात आहे का? नीट सांभाळला तर व्हेल्ड पाच-सात वर्षं जगतो. तुमची डिग्री तीन वर्षांची आहे. पुढे नोकरी लागली, रूम बदलली, की त्याचं काय?

‘नाही जमलं तर टेकडीवर सोडून देऊ’ हे उत्तर तर अजिबात नको. फ्लोरिडात आणि हवाईत पाळीव म्हणून आणलेले शॅमेलिऑन सुटले आणि आता तिथे रानात पैदास करून बसलेत. तिथले किडे त्याची किंमत मोजतायत.

आमचं म्हणणं सोपं आहे. घ्यायचाच असेल तर क्रम उलटा करा. आधी पिंजरा उभा करा. झाडं लावा, दिवे लावा, फवारा सुरू करा. आणि महिनाभर तो रिकामाच चालवा. रोज सकाळी पाणी, रोज तापमान, रोज ट्रेची सफाई. रिकाम्या पिंजऱ्यासाठी महिनाभर वेळेवर उठलात, तर कागदपत्रं बघून प्राणी आणा. दहाव्या दिवशी कंटाळा आला, तर काहीच बिघडलं नाही. जीव कुणाचाच गेला नाही, आणि मनी प्लांट छान वाढलेला असेल.

मग पावसाळ्यात ट्रेकला जाल तेव्हा करवंदीच्या जाळीत जरा थांबून बघा. दिसलाच सरडगुहिरा, तर दोन पावलं मागे राहा. फोटो लांबून काढा, लोकेशन टाकू नका. ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ असं आपण म्हणतो. ते कुंपण त्याचं त्यालाच ठरवू द्या.