दूध तोडण्याचा हुकूम कोणाच्या सोयीचा?

सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्यात गळिताचा हंगाम सुरू झाला की बीड आणि मराठवाड्यातील अन्य जिल्ह्यांतून तोडणी मजुरांच्या टोळ्या उतरतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. या कोयत्यांत ओल्या बाळंतिणीही असतात. बांधावर झोळी बांधायची, मोळ्या वाहता वाहता मधेच मुलाला अंगावर घ्यायचे, असा त्यांचा दिवस जातो. अशा बाईला ताप भरला आणि ती दवाखान्यात गेली, तर औषधांच्या चिठ्ठीबरोबर पुष्कळदा एक तोंडी हुकूमही मिळतो : 'गोळ्या चालू आहेत तोवर अंगावर पाजू नका.' हुकूम देणाऱ्याला त्यासाठी काहीच मोजावे लागत नाही. मोजावे लागते ते त्या बाईला आणि तिच्या तान्ह्याला.

या हुकमाला शास्त्राचा आधार आहे काय? आईने घेतलेले औषध थोडेफार दुधात उतरते, हे खरे. परंतु ते किती उतरते, हाच खरा प्रश्न आहे. वजनाच्या प्रमाणात आईच्या मात्रेच्या १० टक्क्यांहून कमी औषध बाळाला मिळत असेल तर सामान्यतः चिंतेचे कारण नसते, असा निकष तज्ज्ञ वापरतात. आणि बहुसंख्य औषधे त्यात बसतात. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, अमॉक्सिसिलिन ही नित्याची औषधे घेत असता पाजण्यास हरकत नाही. क्षयावरील नेहमीची औषधे चालू असतानाही आईने पाजावे. बाळाची तपासणी करून त्याला प्रतिबंधक औषध द्यावे, एवढेच. एचआयव्हीची झळ विशेष सोसलेल्या सांगली जिल्ह्याने तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. विषाणुरोधक औषधे नियमित घेणाऱ्या मातेने पाजण्यास जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्येच अनुकूलता दर्शविली. येथे औषध दुधाचे वैरी नसून राखणदार आहे!

याचा अर्थ धोका कोठेच नाही असा नव्हे. कर्करोगावरील बरीच औषधे आणि किरणोत्सारी आयोडीन चालू असता पाजणे थांबवावेच लागते. कोडीन व ट्रॅमाडॉल या वेदनाशामकांविरुद्ध अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये स्तनदा मातांना इशारा दिला. सरकारी केंद्रांतून फुकट मिळणारी 'माला-एन' ही संयुक्त संप्रेरकांची गोळी दूध कमी करू शकते. म्हणून बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत पाजणाऱ्या आईला ती सहसा देऊ नये. अशा वेळी शहाणा डॉक्टर आधी पर्यायी औषध शोधतो. सरसकट मनाई आणि सरसकट बेफिकिरी ही एकाच आळसाची दोन रूपे आहेत.

मग हा हुकूम सुटतो कोठून? औषधांच्या चाचण्यांतून पाजणाऱ्या स्त्रियांना बहुधा वगळले जाते. चाचणी नाही म्हणून माहिती नाही, आणि माहिती नाही म्हणून कंपनी माहितीपत्रकावर 'स्तनदा मातांनी घेऊ नये' असे छापून मोकळी होते. ही सूचना बाळाच्या रक्षणासाठी कमी आणि कंपनीच्या बचावासाठी अधिक असते. तीही इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत! आणि दूध तुटले की दुधाच्या पावडरीचा डबा दारात उभा असतोच. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने त्याच्या विक्रीतंत्राला आचारसंहिता लावली. १९९२ मध्ये भारताने कायदा करून त्याची जाहिरात बंद केली. पुढच्या दाराला असे कुलूप लागले. पण दवाखान्यातील एक बेफिकीर वाक्य मागचे दार उघडून देते.

'पण सावधगिरी बरी नव्हे काय?' असे सांगितले जाते. सावधगिरी कोणाची? फडावर उकळलेले पाणी कोठून यायचे, बाटली कशाने धुवायची, डब्याला पैसे कोणी द्यायचे? काही दिवस पाजणे थांबले की दूध आटते, आणि वरच्या दुधाबरोबर हगवण येते. दुसरी बाई याच हुकमाचा उलटा अर्थ लावते. ती मुलाला पाजत राहते आणि आपल्याच गोळ्या गुपचूप बंद करते. क्षयाचा उपचार असा अर्धवट सुटला तर रोग औषधाला दाद देईनासा होतो. मूल की औषध, अशी निवड तिच्यावर लादणे ही सावधगिरी नव्हे; तो जबाबदारी झटकण्याचा प्रकार आहे.

मिरजेत डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभारले. तेव्हापासून महाराष्ट्र-कर्नाटकातले रुग्ण त्या गावाची वाट धरतात. त्याच जिल्ह्यातल्या उपकेंद्रात याविषयी मराठीत एक कागद मिळू नये? अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने २००६ पासून ही माहिती औषधवार फुकट खुली केली आहे. पण ती इंग्रजीत. ती मराठीत आणणे, आशा स्वयंसेविकेच्या हाती देणे, औषधाच्या वेष्टनावर सुबोध मराठीत छापण्याची सक्ती करणे, हे शासनाचे काम आहे. २०१७ च्या दुरुस्तीने नोकरदार स्त्रीची प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली. तोडणीवालीला एका दिवसाचा खाडाही परवडत नाही. तिच्यापुरता तरी दुधाचा हक्क शाबूत ठेवा.

कार्यकर्त्यांनी डॉक्टर बनू नये. त्यांनी टोळीच्या तळावर जाऊन प्रत्येक बाळंतिणीला तीन प्रश्न शिकवावेत : 'मी पाजते आहे, हे तुम्हांला ठाऊक आहे ना? हे औषध दुधात किती उतरते? चालत नसेल, तर दुसरे कोणते?' आणि उत्तर मिळेपर्यंत तिने दवाखान्यातून उठू नये.