काडीकचऱ्याचे तीन हक्कदार



कापसाची शेवटची वेचणी झाली की शेतात उरते पऱ्हाटी. तूर झोडली की तुराट्या, सोयाबीन काढले की कुटार, गहू निघाला की काड, आणि ऊस कारखान्याला गेला की रानभर पाचट. पुढच्या पिकाची घाई असते. मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. मग एका संध्याकाळी बांधावरून काडी ओढली जाते आणि तासाभरात रान काळे होते. दुसऱ्या दिवशी त्याच घरातली बाई सिलिंडर हलवून बघत असते, महिनाअखेरपर्यंत पुरेल का म्हणून. शेतातली आग फुकट, घरातली आग विकत!

यावर उपाय म्हणून ‘कचऱ्यापासून ऊर्जा’ हा शब्द आता सगळीकडे ऐकू येतो. कल्पना चांगली आहे. पण शेतात जे उरते त्याला सरसकट कचरा म्हणण्याआधी थोडे थांबायला हवे. वारसाची वाटणी करताना एकाही हक्कदाराला डावलता येत नाही, हे आपल्या घरांत लहान मुलांनाही ठाऊक असते. शेतातल्या काडीकचऱ्याचेही तीन हक्कदार आहेत : जनावर, माती आणि चूल. ज्याचा हिस्सा त्याला मिळाला, तरच ही ऊर्जा बरकतीची. नाहीतर एका घरातले काढून दुसऱ्या घरात भरल्यासारखे होईल.

पहिला हक्कदार जनावर. ज्वारीचा कडबा कोणी जाळत नाही, कारण त्याची किंमत सर्वांना ठाऊक आहे. कुटार, हरभऱ्याचा भुसा, गव्हाचे काड यांचेही तसेच आहे. जे जनावराच्या पोटात जाऊ शकते ते थेट चुलीत घालणे तोट्याचे. गोठ्यातून गेलेला चारा दूध देतो, आणि शेणाच्या रूपाने इंधन व खत दोन्ही होऊन परत येतो.

दुसरा हक्कदार माती. तिला बोलता येत नाही, म्हणून तिचा हिस्सा सर्वांत आधी मारला जातो. पाचट पेटवले की त्यातला सेंद्रिय कर्ब आणि बहुतेक नत्र धुरात जातो. मागे राहते थोडी राख. तेच पाचट खोडव्याच्या सरीत पसरून ठेवले, तर जमिनीतला ओलावा टिकतो, तण कमी उगवते आणि कुजल्यावर खत मिळते. ज्या शेतकऱ्याला ते सरीत कुजवता येते, त्याने ते इंधनासाठी विकण्याचा विचारही करू नये. पण जिथे ते जाळलेच जाणार, तिथे त्याचे काय करावे? याचे एक उत्तर पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने शोधले. डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने चाललेल्या या संस्थेने पाचटापासून कोळसा करण्याची लोखंडी भट्टी तयार केली. पिंपात पाचट भरून कमी हवेत तापवायचे, तयार झालेल्या कोळशाच्या भुकटीत खळ मिसळायची आणि त्याच्या कांड्या पाडायच्या. या कामाला २००२ साली इंग्लंडचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला.

आता तिसरा हक्कदार, चूल. तिच्या वाट्याला हक्काने येते ती पऱ्हाटी. ती जनावर खात नाही. लाकडासारखी कठीण असल्याने मातीत लवकर कुजत नाही. शिवाय हंगाम संपल्यावरही ती उभी ठेवली, तर गुलाबी बोंडअळीला पुढच्या पिकापर्यंत आसरा मिळतो, म्हणून कृषी विभाग ती वेळेवर काढायला सांगतो. म्हणजे पऱ्हाटी शेतातून हलवणे हेच शेताच्या भल्याचे.

अडचण एकच : पऱ्हाटी हलकी आणि पसरट. ट्रॅक्टर काठोकाठ भरला तरी वजन थोडेच, आणि भाडे मात्र पूर्ण. म्हणून ती जागेवर बारीक करून, वाळवून, यंत्रात दाबून तिचे ठोकळे किंवा बोटाएवढ्या गोळ्या करतात. त्यांना ब्रिकेट आणि पेलेट म्हणतात. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने आपल्या नागपूरच्या केंद्रात यावर काम केले आहे. पूर्ण वाळलेल्या काडीच्या एका किलोत साधारण ३५०० ते ४००० किलोकॅलरी उष्णता असते. आपल्याकडच्या बऱ्याच दगडी कोळशातही साधारण तेवढीच असते. फरक इतकाच, की कोळसा खाणीतून येतो आणि पऱ्हाटी दरवर्षी आपल्याच रानात उगवते.

आता शेणाचा हिशोब पाहू. वर्गात मुलांकडून फळ्यावर करून घ्यावा असा तो सोपा आहे. २५ किलो ताज्या शेणाच्या गोवऱ्या थापल्या तर वाळून साधारण ५ किलो भरतात. त्यांच्यात सुमारे १०,००० किलोकॅलरी उष्णता असते. पण साध्या चुलीत तिचा जेमतेम दहावा हिस्सा भांड्याला लागतो. म्हणजे हाती आल्या १०००. तेच २५ किलो शेण तेवढ्याच पाण्यात कालवून गोबरगॅसच्या टाकीत घातले, तर साधारण १ घनमीटर गॅस मिळतो. त्यात ४७०० च्या आसपास किलोकॅलरी असतात, आणि गॅसच्या शेगडीवर त्यातल्या निम्म्याहून अधिक भांड्याला लागतात. म्हणजे २५०० हून जास्त. शेण तेवढेच, कामाची उष्णता दुपटीहून अधिक! वर टाकीतून बाहेर पडणारी स्लरी शेतासाठी शिल्लक राहते, तिच्यातले नत्र शाबूत. गोवरीत मातीचा हिस्सा चूल खाऊन टाकते. गोबरगॅसमध्ये चूल आपला हिस्सा घेते आणि मातीचा तिला परत करते. वाटणी म्हणावी ती ही.

ही विद्या आपल्याकडे नवी नाही. १८९७ साली मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यापासून गॅस करून दिवे लावले गेले होते. पुढे खादी ग्रामोद्योग आयोगाने तरंगत्या टोपीची टाकी गावोगावी नेली. १९८४ मध्ये बिनटोपीची, विटांची स्वस्त ‘दीनबंधू’ टाकी आली. शहरातल्या भगिनींसाठी ‘आरती’ने शेणाऐवजी शिळी पोळी, भात, चाळलेला कोंडा, आंब्याच्या कोयी अशा पिष्टमय खरकट्यावर चालणारी छोटी टाकी केली. तिला २००६ साली दुसऱ्यांदा ॲश्डेन पुरस्कार मिळाला.

मग गावातल्या इतक्या टाक्या बंद का? आमच्या शाळेच्या वाटेवर अशी एक टाकी आहे. आता तिच्यावर कपडे वाळतात. कारण विचारले तर पुरुष सांगतात, जनावरे कमी झाली. ते खरेच आहे. दोन घनमीटरच्या टाकीला रोज ५० किलो शेण लागते, म्हणजे चार-पाच जनावरे हवीत. पण घरातली बाई वेगळे सांगते. रोज ५० किलो शेण उचलायचे, तेवढेच पाणी हापशावरून आणायचे, कालवायचे, हे सगळे तिच्याच अंगावर. टाकी कुठे बांधायची हे ठरवताना मात्र तिला कोणी विचारले नव्हते. गोठा एका टोकाला, पाणी दुसऱ्या टोकाला, टाकी तिसरीकडे. अनुदान संपले, उत्साह संपला. यंत्र बिघडले नव्हते, सल्लामसलत राहून गेली होती.

ऊर्जेच्या या चर्चेत स्वयंपाकघर सर्वांत शेवटी येते. खरे तर ते पहिले यायला हवे. स्वयंपाकाच्या धुरामुळे जगात २०२० या एका वर्षात सुमारे ३२ लाख लोक दगावले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यात २ लाखांहून अधिक मुले पाच वर्षांखालची होती. चुलीत जो दहावा हिस्सा कामी येतो त्याची आपण मोजदाद केली. उरलेल्यातला बराचसा घरात आणि हवेत जातो, आणि धूर अम्मीच्या छातीत.

म्हणून ऊर्जा तयार करण्याइतकेच ती वाचवणे महत्त्वाचे. साखर कारखान्याचे उदाहरण घ्या. १ टन ऊस गाळला की सुमारे ३०० किलो ओला भुसा उरतो, त्यालाच बगॅस म्हणतात. कारखाना पूर्वीपासून त्यावरच चालत आला आहे. जुन्या, कमी दाबाच्या बॉयलरमध्ये तो भुसा कारखान्यापुरता जेमतेम पुरायचा. उच्च दाबाचे बॉयलर बसवल्यावर तेवढ्याच भुशात कारखाना चालून वर विकायला वीज उरू लागली. भुसा तोच, चूल बदलली.

घरातही हेच लागू पडते. पाणी उकळू लागले की आच कमी करा. आच मोठी ठेवली तरी उघड्या भांड्यातले पाणी १०० अंशांच्या वर तापत नाही, फक्त गॅस जातो. डाळ-हरभरे भिजवून ठेवा. भांड्याबाहेर ज्योत येऊ देऊ नका. झाकण ठेवा. आपल्या घरांत हे वेगळे शिकवायला नको. देगीच्या झाकणाला कणीक लावून बिर्याणीला दम देणारी प्रत्येक बाई उष्णता कोंडून ठेवण्याचे शास्त्र जाणते. तोच दम डाळ-भाताला देता येतो. एका खोक्यात चांगला वाळलेला भुसा किंवा काड दाबून भरा, मधे उकळी आलेले झाकणबंद पातेले बसवा, वरून भुशाची उशी ठेवा. तासाभरात भात आपोआप शिजतो. शेतातला भुसा न जाळताही इंधन वाचवतो तो असा. ‘आरती’च्या सराई कुकरमध्ये तर सुमारे १०० ग्रॅम कांडीकोळशावर पाच माणसांचा स्वयंपाक वाफेवर होतो. मात्र कोळसा कोणताही असो, बंद खोलीत पेटवू नका; त्याचा वायू दिसत नाही, वास येत नाही आणि जीव घेतो.

चुलीची भूक जितकी कमी, तितका मातीचा आणि जनावराचा हिस्सा सुरक्षित. म्हणून या हंगामात रान पेटवण्याआधी घरच्यांनी एकदा एकत्र बसावे. यातले जनावर काय खाईल, सरीत काय कुजेल आणि चुलीसाठी काय उरेल, याची वाटणी करावी. गावात पाच-दहा शेतकरी मिळून पऱ्हाटी देणार असतील तर ठोकळे करणाऱ्याची गाडी बांधापर्यंत येऊ शकते. एकट्यासाठी ती येत नाही. आणि त्या बैठकीत जी रोज जळण जमवते, चूल पेटवते आणि धूर पिते, तिला पहिल्यांदा बोलू द्यावे. चौथी हक्कदार तीच आहे, आणि तिचा हिस्सा सर्वांत जास्त दिवस थकलेला आहे.